भाडं भागवून उरतं काय? : घर, आजारपण आणि मुलांची शाळा

उंबरठा (धागाकर्ता)

घर परवडतं की नाही याची चर्चा निघाली की एक आकडा हमखास येतो : उत्पन्नाच्या ३० टक्के. त्याच्या आत खर्च बसला तर परवडतं, वर गेला तर नाही. हा आकडा कुठल्या थोर सिद्धांतातून आलेला नाही. अमेरिकेत १९६९ साली सिनेटर एडवर्ड ब्रुक यांच्या दुरुस्तीने सरकारी घरांतल्या भाड्याला उत्पन्नाच्या २५ टक्क्यांची मर्यादा घातली आणि १९८१ मध्ये सरकारने ती ३० वर नेली. सरकारने आपल्या भाडेकरूकडून किती घ्यावं एवढाच तो हिशेब होता. पुढे तोच माणसाला किती झेपतं याचं माप होऊन बसला.

गोची अशी की भरपूर कमावणारा ४० टक्के घरावर घालूनही मजेत राहतो आणि तुटपुंज्या कमाईवाल्याला २० टक्केही जड जातात. म्हणून मला उलटा हिशेब जास्त पटतो. भाडं, वीज-पाणी आणि कामावर जाण्या-येण्याचा खर्च वजा केला की औषधाला, जेवणाला, मुलांच्या वह्या-पुस्तकांना काय उरतं? बाकीच्या खर्चांना कात्री लावता येते. रोजची गोळी एक दिवसाआड घेता येते, चष्म्याचा नंबर बदलला तरी जुनाच चष्मा आणखी वर्षभर ढकलता येतो. भाडं मात्र पूर्ण आणि ठरल्या तारखेला द्यावं लागतं, पाऊण भाडं असा प्रकार नसतो. त्यामुळे भाडं वाढलं की झळ भलतीकडेच लागते, आणि ती घरांच्या आकडेवारीत न दिसता दवाखान्याच्या आणि शाळेच्या आकडेवारीत दिसते.

आता धाग्याचा खरा विषय. घर बदललं तर माणसाचं पुढचं आयुष्य बदलतं का? यावरचा सगळ्यात गाजलेला प्रयोग म्हणजे ‘मूव्हिंग टू ऑपॉर्च्युनिटी’. १९९४ ते १९९८ या काळात बाल्टिमोर, बॉस्टन, शिकागो, लॉस एंजेलिस आणि न्यूयॉर्क इथल्या सरकारी वसाहतींमधल्या सुमारे ४,६०० कुटुंबांच्या चिठ्ठ्या टाकल्या. एका गटाला भाड्यासाठी मदत मिळाली, पण अट अशी की घर गरिबीचं प्रमाण १० टक्क्यांहून कमी असलेल्या भागातच घ्यायचं. दुसऱ्या गटाला तशीच मदत, घर कुठेही घ्या. तिसऱ्याला नवीन काहीच नाही.

पहिली काही वर्षं निकाल पाहून सगळ्यांची निराशा झाली. मोठ्यांची कमाई वाढली नाही, मुलांचे परीक्षेतले गुण वाढले नाहीत. मग २०११ मध्ये आरोग्याचे निष्कर्ष आले : ज्या बायकांना कमी गरिबीच्या भागात जायची संधी मिळाली त्यांच्यात अतिस्थूलपणा आणि मधुमेह कमी आढळला. २०१६ मध्ये राज चेट्टी, नॅथानिएल हेंड्रेन आणि लॉरेन्स कॅट्झ यांनी त्या वेळच्या मुलांच्या करनोंदी तपासल्या. तेराव्या वर्षाच्या आत ज्यांचं घर बदललं, त्यांची पंचविशीतली कमाई ३१ टक्क्यांनी जास्त निघाली. जी मुलं त्याहून मोठी होती त्यांना फायदा नाहीच, उलट थोडा तोटा झाल्याची चिन्हं होती.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे भांडायला सोपं जाईल. स्वस्त घर देणं हे अर्धंच काम आहे. ते कुठे आहे आणि तिथे किती वर्षं निर्धास्त राहता येतं, यावर बाकीचं सगळं ठरतं. आणि सरकारी योजना नेमकं हेच शेवटी ठरवतात.

डॉक्टर, शिक्षक, बांधकामवाले, भाडेकरू, सगळ्यांनी लिहा.

---

शंकासुर

धागा चांगला, पण कार्यकारणाची बाजू इतकी सरळ नाही. माणूस आजारी पडतो, नोकरी जाते, भाडं थकतं आणि मग तो कोंदट खोलीत जातो. आता खोलीमुळे आजार म्हणायचं की आजारामुळे खोली? शाळेचंही तेच. जे आईबाप पोटाला चिमटा घेऊन बऱ्या वस्तीत घर घेतात त्यांची मुलं कुठेही शिकलीच असती. श्रेय घराला का द्यायचं?

---

उंबरठा

म्हणून तर चिठ्ठीचं महत्त्व. नाव निघालं किंवा नाही निघालं, यात आईबापांच्या धडपडीचा संबंध नाही. दोन्ही गटांतली कुटुंबं सारखीच हौशी, सारखीच गरीब.

तरी तुमची शंका उरतेच, कारण मुळात अर्ज करणारेच वेगळे असू शकतात. त्यासाठी शिकागोचं दुसरं उदाहरण बघा. १९९० च्या दशकात तिथल्या सरकारी वसाहतींमधल्या काही इमारती पाडल्या, शेजारच्या तशाच ठेवल्या. पाडलेल्या इमारतींमधल्या कुटुंबांनी अर्ज वगैरे काही केला नव्हता, त्यांना जावंच लागलं. एरिक चिन यांनी २०१८ मध्ये दोन्हीकडच्या मुलांची मोठेपणीची तुलना छापली. ज्यांना बाहेर पडावं लागलं त्यांना नोकरी असण्याचं प्रमाण ९ टक्क्यांनी आणि कमाई १६ टक्क्यांनी जास्त. इथे हौस-बिस कुणाचीच नव्हती.

(याचा अर्थ ‘पाडा सगळं’ असा कुणी काढू नये. त्या कुटुंबांना दुसरीकडे राहायला भाड्याची मदत मिळाली होती. ती नसती तर निकाल वेगळा लागता.)

---

स्टेथोस्कोप

डॉक्टरांना बोलावलंत म्हणून लिहितो. जरा लांबेल.

दम्याचं पोर दाखल होतं, चार दिवसांत बरं होऊन घरी जातं आणि पंधरवड्यात परत येतं. औषध बरोबर, डोस बरोबर, फवारा घ्यायची पद्धतही बरोबर. हल्ली अशा पोराच्या आईला मी एकच काम सांगतो : पोर झोपतं त्या जागेच्या मागच्या भिंतीचा फोटो काढून आणा. परवा एकीने दाखवला. उशीच्या उंचीपर्यंत काळे ठिपके, त्यावर रंगाचे पोपडे सुटलेले, वर दोरीवर ओले कपडे, कारण बाहेर वाळत घालायला जागा नाही. खिडकी आहे, पण ती समोरच्या इमारतीच्या भिंतीकडे उघडते. मी पोराला औषध लिहून देतो. भिंतीला काय लिहून देऊ?

इंग्लंडमधल्या रॉचडेलला २०२० मध्ये दोन वर्षांचा एक मुलगा घरातल्या बुरशीमुळे श्वसनाचा त्रास होऊन गेला. चौकशीत मृत्यूचं कारण तेच नोंदलं गेलं. आईबाप तक्रार करून थकले होते. त्यावरून २०२३ मध्ये कायदा झाला की सामाजिक गृहनिर्माणातल्या (म्हणजे सरकार किंवा संस्था कमी भाड्याने देतात त्या घरांच्या) मालकाने अशी तक्रार ठरावीक मुदतीत तपासून दुरुस्ती केलीच पाहिजे. एका बालरोगाचा उपाय घरभाड्याच्या कायद्यात लिहिला गेला, याचं मला फार अप्रूप वाटतं.

शंकासुर, तुमच्यासाठी मेक्सिको. तिथल्या कोआविला राज्याने २००० मध्ये मातीच्या जमिनीच्या घरांत सिमेंटचा कोबा करून द्यायला सुरुवात केली. बाकी काही नाही, फक्त जमीन. तोरेऑन शहर त्या राज्यात, आणि त्याला चिकटून असलेली गोमेझ पालासिओ आणि लेर्दो ही शहरं शेजारच्या दुरांगो राज्यात, जिथे ही योजना नव्हती. वस्ती सारखी, हवा सारखी, मध्ये फक्त राज्याची हद्द. २००९ मध्ये छापून आलेल्या अभ्यासाचा हिशेब असा : घरातली सगळी मातीची जमीन सिमेंटची झाली तर मुलांमधले जंत ७८ टक्क्यांनी, जुलाब ४९ टक्क्यांनी आणि रक्तक्षय ८१ टक्क्यांनी कमी. बुद्धीच्या चाचण्यांतही मुलं पुढे, आणि आयांमधलं नैराश्यही कमी. जंत, रक्तक्षय, मग वर्गात लक्ष न लागणं ही साखळी आम्ही पाठ्यपुस्तकात शिकतो. ती जमिनीपाशीच तोडता येते हे मात्र तिथे शिकवलं नव्हतं.

आता उलटं उदाहरण. मुंबईत झोपड्यांतून हलवलेल्या लोकांसाठी बांधलेल्या नटवर पारेख कंपाउंड, लल्लूभाई कंपाउंड अशा वसाहतींचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. पक्की घरं, पण दोन इमारतींमधलं अंतर इतकं कमी की खालच्या मजल्यांवर ऊन आणि वारा पोचतच नाही. क्षयाचे रुग्ण खालच्या मजल्यांवर जास्त सापडले. क्षयाचे जंतू हवेतून पसरतात. वारा खेळता असेल तर ते विरळ होतात, उन्हात मरतात. बंद अंधाऱ्या खोलीत ते रेंगाळतात आणि त्या खोलीत पाच-सहा माणसं झोपलेली असतात. कागदावर या सगळ्या कुटुंबांची घराची अडचण सुटली होती.

म्हणून ‘घर मिळालं’ एवढ्यावर मी खूश होत नाही. कितवा मजला आणि खिडकी कुठे उघडते, हे विचारतो.

---

तिरकस

सगळं खरं हो. पण घर हातात दिलं की लोक ते विकतात नाहीतर भाड्याने देतात आणि परत जुन्या जागी जाऊन राहतात, हे कुणीच का लिहीत नाही? लिहिलं की गरीबविरोधी ठरतो.

---

खडूफळा

तिरकस यांना उत्तर कुणीतरी देईलच. मी वर्गातलं सांगते.

पाचवीतली मुलगी. अपूर्णांकांची बेरीज नुकतीच सुरू झाली होती, छेद समान कसा करायचा इथवर आलो होतो. घरमालकाने जागा मागितली म्हणून कुटुंब शहराच्या दुसऱ्या टोकाला गेलं. दाखला निघून नव्या शाळेत नाव लागेपर्यंत मधले काही आठवडे ती घरीच. नव्या वर्गात तोवर दशांश सुरू झाले होते. पुढच्या वर्षी घर पुन्हा बदललं आणि ती माझ्याच वर्गात परत आली. छेद समान करायचं तिथेच अडलेलं. तिची आई म्हणाली, ‘बाई, पोरगी गणितात कच्चीच आहे.’ कच्ची नव्हती हो ती. तिला तो धडा पूर्ण कुणी शिकवलाच नव्हता. पण मुलं असं म्हणत नाहीत की माझा धडा राहिला. ती म्हणतात, मला गणित येत नाही. आणि तेच धरून बसतात.

एका वर्गात अशी दोन-तीन मुलं असली की बाकीच्यांचंही मागे-पुढे होतं, कारण शिक्षिका परत मागे जाते. हे नुकसान कुठल्याच तक्त्यात येत नाही.

घर न बदलताही घर आड येतं. फ्रान्समधल्या २००५ च्या एका अभ्यासात असं दिसलं की दाटीवाटीच्या घरातली, खोली भावंडांबरोबर वाटून घेणारी मुलं वर्गात मागे राहण्याचं प्रमाण जास्त असतं, आणि ते फक्त आईबापांच्या गरिबीमुळे नव्हतं. आवाजाचंही तसंच. न्यूयॉर्कमध्ये महामार्गाच्या डोक्यावर बांधलेल्या ३२ मजली इमारती आहेत. १९७३ मध्ये कोहेन, ग्लास आणि सिंगर यांनी तिथल्या मुलांची तपासणी केली. खालच्या मजल्यावरच्या, म्हणजे वाहनांच्या आवाजात वाढलेल्या मुलांना सारखे वाटणारे शब्द कानाने वेगळे ओळखणं जास्त अवघड जात होतं आणि त्यांचं वाचनही मागे होतं. मुलं आवाजाकडे दुर्लक्ष करायला शिकतात आणि त्याबरोबर बोलण्याकडेही. डॉक्टरांनी खालच्या मजल्याचं लिहिलं तेव्हा हेच आठवलं. दोन वेगळे देश, दोन वेगळी दुखणी, पण भोगतोय खालच्याच मजल्यावरचा.

मूळ लेखातल्या एका गोष्टीवर मात्र माझा जीव अडकलाय. त्या प्रयोगात गुण वाढले नाहीत, पण मोठेपणी कमाई वाढली. म्हणजे बऱ्या वस्तीने मुलांना जे दिलं ते आमच्या प्रश्नपत्रिकांना पकडता आलं नाही. शिक्षक म्हणून मला हे जरा झोंबतं.

---

जोता

मी बांधकाम-नियोजनातला. तिरकस, तुम्ही म्हणता ते खरं आहे आणि ते लिहिलंही गेलंय. कारण मात्र तुम्हाला वाटतं ते नाही.

अहमदाबादला १९८७ मध्ये सेवा या बायकांच्या संघटनेच्या सभासदांसाठी घरांची सोडत झाली. शॅरन बार्नहार्ट, एरिका फील्ड आणि रोहिणी पांडे यांनी १४ वर्षांनी काय झालं ते तपासलं. घरं जुन्या घरांपेक्षा कितीतरी चांगली होती. पण शहराच्या मध्यापासून सुमारे १२ किलोमीटर लांब. नाव निघालेल्यांपैकी ३४ टक्के तिथे राहायला गेल्याच नाहीत आणि ३२ टक्के जाऊन परत आल्या. कमाईत फरक नाही, मुलांच्या शिक्षणातही नाही. उलट अडीनडीला उसने पैसे देणारी, पोर सांभाळणारी माणसं तुटली. गरिबाचा विमा म्हणजे शेजार. तो कुठल्याही योजनेत बांधून मिळत नाही.

आता याच्या शेजारी कोलंबिया ठेवा. तिथे २०१२ पासून गरिबांसाठी एक लाख मोफत घरांची योजना आली, वाटप बऱ्याच ठिकाणी सोडतीने. तिथे नाव निघालेल्या घरांतल्या मुलांचं शाळा पूर्ण करण्याचं प्रमाण सुमारे १७ टक्क्यांनी वाढलं. ती घरं शाळांच्या जवळ आणि आधीच्यापेक्षा बऱ्या वस्तीत होती. दोन्हीकडे सोडत आणि दोन्हीकडे नवं घर, पण जागेने निकाल फिरवला.

मुंबईतल्या म्हाडाच्या सोडतीवर तनू कुमार यांचा अभ्यास आहे. तिथे नाव निघालेल्या कुटुंबांचं उत्पन्न, शिक्षण आणि रोजगार वाढलेले दिसतात. यातले बरेच जण त्या घरात राहायलाच गेले नाहीत, भाड्याने दिलं. तरीही फायदा! म्हणजे तिरकस ज्याला लबाडी म्हणतात ती कित्येकदा शहाणी निवड असते. मोक्याची जागा कामाजवळ ठेवायची आणि मिळालेल्या घराला कमवायला लावायचं.

मेक्सिकोचा उल्लेख झाला म्हणून त्याचीच दुसरी बाजू. तिथे कर्ज देऊन शहरांच्या बाहेर लाखो घरं बांधली गेली, कारण तिथे जमीन स्वस्त. २०१० च्या जनगणनेत देशात सुमारे ५० लाख घरं रिकामी सापडली. सगळीच काही या योजनांतली नव्हती, पण लांबच्या वसाहतींचे हाल तिथे डोळ्यांनी दिसत होते. कामावर जायचा खर्च हप्त्याच्या वर गेला की माणूस किल्ली ठेवून निघून जातो. दक्षिण आफ्रिकेने १९९४ नंतर तीस लाखांच्या वर घरं दिली, जगात कमी ठिकाणी असं झालं असेल. तीही बहुतेक जुन्या वर्णभेदी नकाशातच, शहरापासून लांब.

हे असं का होतं ते आतून सांगतो. योजनेची रक्कम प्रति घर ठरलेली असते. त्यात जमीन, बांधकाम, रस्ते, गटारं सगळं बसवायचं. सिमेंट-लोखंडाचा भाव कुणाच्या हातात नाही, घराचं किमान क्षेत्रफळ नियमात पक्कं. मग घासाघीस करायला एकच रकाना उरतो, जमिनीचा. ती लांब घेतली की घरांची संख्या वाढते, आणि अहवालात संख्याच छापायची असते. रोजच्या प्रवासाचा खर्च रहिवाशाच्या खिशातून जातो. तो रकाना आमच्या तक्त्यात नाहीच.

हा रकाना उलटा फिरवलेलं उदाहरण चिलीतल्या इकीकेचं. शंभरेक कुटुंबं शहराच्या मध्यात एका जागेवर तीसेक वर्षं राहत होती. २००४ मध्ये आर्किटेक्ट आलेहांद्रो अरावेना यांच्या चमूने तीच महाग जमीन घेतली आणि उरलेल्या पैशांत प्रत्येकाला अर्धं घर बांधून दिलं. स्वयंपाकघर, संडास-बाथरूम, जिना, पोटभिंती, म्हणजे सामान्य माणसाला एकट्याने जमत नाही ते सगळं. बाजूची मोकळी जागा कुटुंबाने सवडीने भरून काढायची. चांगल्या ठिकाणचं अर्धं घर की भलत्या ठिकाणचं पूर्ण, यात त्यांनी पहिलं निवडलं. दिसायला ठिगळं लावल्यासारखं झालं, यावर आमच्या व्यवसायात भरपूर नाकं मुरडली गेली. चालायचंच.

---

सडेतोड

सगळे योजना-योजना करताहेत. मुळात घरंच कमी आहेत. बांधायला परवानगी द्या, भाव आपोआप खाली येतील. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडने २०१६ मध्ये निवासी जमिनीच्या सुमारे तीन-चतुर्थांश भागावर जास्त घरं बांधायला परवानगी दिली आणि बांधकाम जोरात वाढलं. आणि भाडेनियंत्रणाचं नाव काढू नका. सॅन फ्रान्सिस्कोने १९९४ मध्ये ते वाढवलं तर त्या कायद्यात आलेल्या मालकांनी भाड्याच्या घरांची संख्या १५ टक्क्यांनी घटवली. शहरभरची भाडी ५ टक्क्यांनी वर गेली.

---

उंबरठा

सडेतोड, सॅन फ्रान्सिस्कोच्या त्याच अभ्यासात (डायमंड, मॅक्वेड, चिएन, २०१९) दुसरीही गोष्ट आहे, ती सोयीने गाळू नका. ज्या भाडेकरूंना संरक्षण मिळालं ते त्याच पत्त्यावर टिकून राहण्याचं प्रमाण १० ते २० टक्क्यांनी वाढलं. खडूफळा बाईंची ती पाचवीतली मुलगी आठवा. शिक्षणाच्या बाजूने बघितलं तर टिकणं हाच नफा. तोटा पुढे घर शोधणाऱ्यांच्या माथी बसला, हेही कबूल. दोन्ही एकाच कायद्यातून निघालं.

बांधू द्या, याला माझी ना नाही. फक्त बाजार सगळ्यात खालच्या थरापर्यंत पोचायला फार वर्षं घेतो, आणि वरचा तेराव्या वर्षाचा आकडा लक्षात घेतला तर मुलांकडे तेवढी वर्षं नसतात.

दोन शहरं अशी आहेत जिथे जमिनीचा प्रश्न आधी सोडवला. व्हिएन्नात पहिल्या महायुद्धानंतर क्षय इतका होता की त्याला ‘व्हिएन्नाचा आजार’च म्हणत. १९२३ मध्ये ह्यूगो ब्राइटनर यांनी घरांवर चढता कर लावला, आलिशान घरांवर सगळ्यात जास्त, आणि त्यातून नगरपालिकेने १९३४ पर्यंत साठ हजारांहून जास्त घरं बांधली. कार्ल-मार्क्स-होफ ही त्यातली एक किलोमीटरभर लांब इमारत. त्यात धुलाईघर, बालवाडी, वाचनालय, दातांचा दवाखाना, आणि मध्ये मोठी अंगणं, ऊन-वाऱ्यासाठी. डॉक्टरांची खिडकी तिथे शंभर वर्षांपूर्वी सापडते. आजही शहराच्या मालकीची सुमारे २ लाख २० हजार घरं आहेत. उत्पन्नाची अट आत येताना बघतात, नंतर कमाई वाढली म्हणून बाहेर काढत नाहीत. त्यामुळे एकाच जिन्यात सफाई कामगार आणि शिक्षक राहतात.

सिंगापूरने १९६० मध्ये गृहनिर्माण मंडळ काढलं आणि १९६६ च्या कायद्याने जमिनी स्वस्तात ताब्यात घेतल्या. आज तिथले सुमारे ८० टक्के रहिवासी मंडळाच्या घरांत राहतात. १९८९ पासून कुठल्या इमारतीत कुठल्या वंशाचे किती लोक याची मर्यादा आहे, वस्त्या वेगळ्या पडू नयेत म्हणून. जमीनमालकांवर तेव्हा जे झालं ते आज लोकशाहीत कुणी खपवून घेईल असं वाटत नाही.

---

बोचकं

इथे अभ्यासांचा पाऊस पडतोय, मी आपली भाडेकरू. घर स्वस्त आहे, पण मालक कधी उठ म्हणेल सांगता येत नाही. त्यामुळे काय होतं सांगू? भिंतीत खिळा ठोकत नाही. न्हाणीची गळती स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून घ्यावी तर वाटतं, कशाला, उद्या सोडायचंच आहे. खोकी पूर्ण उघडत नाही. मुलाला जवळच्या शाळेत घालावं की पुढचं घर कुठे मिळेल त्याचा अंदाज घेऊन मधल्या शाळेत, यावर आमच्याकडे दर उन्हाळ्यात वाद होतो. पत्ता बदलला की रेशनपासून बँकेपर्यंत सगळीकडे पुरावा मागतात, आणि नव्या मालकाला करारावर सही करायची घाई नसते. मागच्या वेळी त्या सहीसाठी माझी दोन दिवसांची मजुरी बुडाली होती.

---

उंबरठा

बोचकं, तुमच्या खिळ्यावर अभ्यास आहे! ब्युनोस आयर्सच्या कडेला १९८१ मध्ये काही कुटुंबांनी एक मोकळी जागा बळकावली. पुढे सरकारने मूळ मालकांना भरपाई देऊन ती जमीन त्यांच्या नावावर करायचं ठरवलं. काही मालकांनी पैसे घेतले, काही कोर्टात गेले. परिणामी शेजारीशेजारी राहणाऱ्यांपैकी एकाच्या हातात कागद, दुसऱ्याच्या नाही, आणि यात राहणाऱ्यांचा काही हात नव्हता. गालियानी आणि शारग्रोद्स्की यांना २०१० च्या निबंधात असं दिसलं की कागद मिळालेल्यांनी भिंती आणि छपरं नीट केली, त्यांच्या घरातली माणसं कमी झाली आणि मुलं जास्त शिकली. बँकेचं कर्ज मात्र फारसं वाढलं नाही, कमाईही नाही. जमिनीचे कागद द्यायचे ते लोकांना ती तारण ठेवून कर्ज मिळेल या आशेने, आणि फळ आलं ते मुलांच्या शाळेत.

---

स्टेथोस्कोप

टिकण्यावरून आणखी एक. रस्त्यावर राहणाऱ्या, मनोविकार किंवा व्यसन असलेल्या माणसाला ‘आधी सुधार, मग घर’ असं सांगायची जुनी रीत होती. सॅम सेम्बेरिस यांनी न्यूयॉर्कमध्ये १९९२ पासून ती उलटी केली : आधी घर, बिनशर्त, उपचार नंतर आणि त्याच्या मर्जीने. फिनलंडने २००८ पासून हेच राष्ट्रीय धोरण केलं आणि दीर्घकाळ बेघर असणाऱ्यांची संख्या तिथे घटली. कॅनडात २००९ ते २०१३ या काळात पाच शहरांत दोनेक हजार लोकांवर चिठ्ठी टाकूनच चाचणी झाली. घरात टिकून राहण्यात मोठा फरक पडला. व्यसन आणि आजाराच्या लक्षणांत मात्र विशेष नाही. ज्यांना घर हे रामबाण वाटतं त्यांनी हे शेवटचं वाक्य परत वाचावं. मला ते निराशेचं वाटत नाही, कारण औषध नियमित चालू ठेवायला आधी ते ठेवायला कोनाडा लागतो.

---

शंकासुर

बरं, चिठ्ठ्यांपुढे माझं फार चालत नाही. पण पैसा एकाच ठिकाणी घालता येणार असेल तर कशात घालाल? हात आखडता न घेता एक-एक उत्तर द्या.

---

जोता

जमीन. घर लहान चालेल, अर्धं चालेल.

---

स्टेथोस्कोप

दोन इमारतींमधलं अंतर. नंतर ते कुणालाच वाढवता येत नाही.

---

सडेतोड

परवानग्या. पैसाच लागत नाही.

---

खडूफळा

माझ्या मागणीलाही पैसा लागत नाही, म्हणून ती कुणी ऐकत नसावं. कुटुंबं हलवायची तारीख वार्षिक परीक्षेनंतरची ठेवा, आणि यादी तयार झाली की नव्या भागातल्या शाळेला आधी कळवा, म्हणजे पोरं येतील त्या दिवशी बाकं तयार असतील.

---

जोता

बाई, मनापासून पटलं, पण जागा खाली करायची तारीख ठेकेदाराच्या पायाच्या कामावर ठरते. पावसाच्या आत पाया निघाला नाही तर त्याचा सगळा हंगाम जातो आणि दंड आमच्या खात्याला बसतो.

---

खडूफळा

मग करारातच घाला ना. पावसाची तारीख घालता तशी परीक्षेचीही घाला. शाळेचं वेळापत्रक वर्षभर आधी लागतं, पावसाचं तर तेवढंही नक्की नसतं.

---

जोता

निविदेचा मसुदा पुढच्या महिन्यात यायचाय. त्यात ‘हस्तांतरण’ नावाचं एक कलम असतं, सहसा दोन ओळींचं. तिसरी घालून बघतो. नाही टिकली तर कुणी खोडली ते इथे येऊन सांगेन.